दहा वर्षांच्या अमेरिकी व्हिसावर एका वेळी किती राहता येते?

पार्लेकर: नमस्कार. आम्ही दोघे निवृत्त पती-पत्नी विलेपार्ल्यात राहतो. न्यू जर्सीतील मुलीचे बाळंतपण जानेवारीच्या अखेरीस आहे. बीकेसीतील वकिलातीत मुलाखत झाली आणि आम्हा दोघांच्या पासपोर्टवर बी-१/बी-२ (बी-१ कामकाजाच्या, बी-२ पर्यटन वा नातेवाइकांच्या भेटीसाठीचा) व्हिसा दहा वर्षांसाठी लागून आला. ऑक्टोबरच्या मध्यावर जावे आणि बाळ चार महिन्यांचे झाल्यावर परतावे, असे मुलीच्या मनात आहे. शेजारी म्हणतात, दहा वर्षांचा व्हिसा असताना दिवस कसले मोजता. एजंट म्हणतो, १८० दिवस. कोणाचे खरे मानावे? मध्ये आठ दिवस कॅनडात भावाकडे जाऊन आलो, तर पुढे नव्याने सहा महिने मिळतात, असेही कानावर आले आहे.

गिरगावकर: शेजाऱ्यांचे ऐकू नका. व्हिसावरील तारीख ही अमेरिकेच्या विमानतळावर उतरून प्रवेश मागण्याची अखेरची तारीख असते. राहण्याची मुदत तिथला इमिग्रेशन अधिकारी त्या वेळी ठरवतो आणि ती 'आय-९४' या नोंदीत लिहिली जाते. बी-२ वर साधारणपणे सहा महिने मिळतात. ही नोंद आता कागदावर हाती येत नाही, सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक घालून पाहावी लागते. पोहोचल्यावर दोघांचीही वेगवेगळी उतरवून घ्या आणि नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख ताडून पाहा. १५ ऑक्टोबरला उतरलात तर बहुधा १४ एप्रिल ही तारीख दिसेल, जे १८० दिवसांशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून बोटांवर हिशेब न करता नोंदीतील तारीखच पाळावी.

मुलुंडवासी: कॅनडाची युक्ती चालत नाही. तीस दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोहून परतल्यास सर्वसाधारणपणे जुन्याच आय-९४ ची उरलेली मुदत पुढे चालू राहते.

मुदतवाढीची सोय मात्र आहे. आमच्या आईचे मनगट परतीच्या दोन महिने आधी बर्फावर घसरून मोडले, तेव्हा मुदत संपण्यापूर्वीच आम्ही 'आय-५३९' अर्ज भरला. सोबत डॉक्टरांचे पत्र, खर्चाची तरतूद आणि परतीच्या तिकिटाचा पुरावा जोडला. निर्णय येण्याआधीच आई बरी होऊन परतली, पण अर्जाची पोचपावती आम्ही अजून जपून ठेवली आहे. हा अर्ज अडचणीच्या वेळेसाठी आहे. आधीच साडेसात महिन्यांचा बेत आखून त्याच्या भरवशावर निघणे मला पटत नाही. अर्ज न करता मुदतीपलीकडे एक दिवस जरी राहिलात, तरी हा दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो आणि मुंबईत पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाल्यास तीन वर्षे, वर्ष किंवा त्याहून अधिक झाल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागू शकते.

दादरकर: मुळात ऑक्टोबरमध्ये जायची घाई कशासाठी? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उतरलात, तर सहा महिने जुलैच्या आरंभापर्यंत पुरतात आणि तोवर बाळ पाच महिन्यांचे होते. शिवाय पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये बँकेत देऊनच निघता येईल. तिकडे बसून मोबाईलवर चेहरा दाखवत तो देण्याचा खटाटोप माझ्या मेव्हण्याने केला आहे, त्यामुळे सांगतो. डोहाळजेवणासाठी कोणी हवेच असेल, तर यजमानांना मागे ठेवून तुम्ही एकट्या आधी जा आणि तुम्ही परतल्यावर ते जातील; प्रत्येकाची मुदत स्वतंत्रपणे मोजली जाते.

पार्लेकर: सर्वांचे मनःपूर्वक आभार. डोहाळजेवण मुलीच्या सासूबाई करणार आहेत, त्यामुळे आम्ही दोघांचीही तिकिटे ४ जानेवारीची काढत आहोत आणि परतीची जूनच्या तिसऱ्या आठवड्यातील. पोहोचल्याच दिवशी दोघांचे आय-९४ छापून फ्रिजवर लावण्याचे काम जावयांकडे सोपवले आहे. कॅनडाला आता मेमध्येच जाऊ, तेही केवळ भावाला भेटायला.