आधी मातृवृक्ष, मग विक्री

नवी रोपवाटिका काढून पहिल्याच वर्षी 50 प्रकारची रोपं विकायची, हे तुमचं उद्दिष्ट वाचून जरा दचकलोच. मी पहिलं वर्ष मातृवृक्षांना, म्हणजे कलमांसाठी काड्या देणाऱ्या झाडांना, देणार आहे. कलमं बांधायची तर खात्रीच्या जातीची, निरोगी काडी आपल्याच बांधावर हवी. बाहेरून आणलेल्या काडीबरोबर रोगही येतो. तोवर जास्वंद, मोगरा, अडुळसा यांची छाट कलमं, म्हणजे काडी थेट मातीत लावून केलेली रोपं. 15-20 सेंटिमीटरची काडी, खालचा काप डोळ्याच्या (पान फुटतं त्या जागेच्या) लगेच खाली, वरची एकदोन पानं सोडून बाकी काढलेली. एवढ्यानं हात बसतो. शेडनेटमधली (सावलीच्या जाळीखालची) रोपं थेट उन्हात मात्र नेऊ नका, 8-10 दिवस हळूहळू ऊन दाखवा. मी घाई केली होती, अख्खा ट्रे करपला. आणि हो, उन्हाळ्यातल्या पाण्याची सोय बघितलीय ना?