मदत हवी आहे : डेव्हिड बेरी यांचा सॉफ्टवेअरविषयक तत्त्वविचार

सप्रेम नमस्कार. ससेक्स विद्यापीठातील डेव्हिड बेरी यांचे ‘द फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर’ (२०११) सध्या अभ्यासत आहे. मजकुरासारखा वाचता येणारा लिखित कोड आणि यंत्रावर प्रत्यक्ष चालणारे, डोळ्यांआड काम करणारे सॉफ्टवेअर यांत ते जो भेद करतात, तो मला ग्रंथाचा गाभा वाटतो. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरच्या आधाराने केलेली मांडणी मात्र (निदान पहिल्या वाचनात) बरीच दुर्गम आहे.

माझी मुख्य अडचण अशी, की आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषिक प्रणालींमध्ये मूळ कोड तुलनेने थोडा असतो आणि त्यांचे वर्तन प्रामुख्याने प्रशिक्षणातून ठरलेल्या अब्जावधी आकड्यांवर अवलंबून असते. तेथे कोडचे बारकाईने वाचन करण्याची पद्धत कितपत टिकते? बेरी यांच्या ‘क्रिटिकल थिअरी अँड द डिजिटल’ (२०१४) मधील फ्रँकफर्ट परंपरेच्या (समाज व संस्कृतीची चिकित्सा करणाऱ्या जर्मन विचारपरंपरेच्या) अंगाने केलेले विवेचन येथे अधिक उपयोगी पडेल काय? शिवाय, पूर्वतयारी म्हणून हायडेगरचे अवजारांविषयीचे विवेचन पुरेसे आहे, की १९५४ साली प्रसिद्ध झालेला त्याचा तंत्रज्ञानावरील निबंधही आधी वाचावा? तत्त्वज्ञान आणि प्रोग्रॅमिंग या दोन्हींत वावर असलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.