‘पाणी सुटणे’ म्हणजेच परासरण का?

(कोकणातल्या शिक्षकांचं बोलणं; नावाच्या जागी गाव.)

रत्नागिरी: रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की पाणी सुटतं. वर्गात परासरणाला हेच उदाहरण देतात. हे दोन शब्द एकच धरायचे का? मुलं परासरणाला प्रसरण म्हणतात, आणि विसरण तर विसरूनच जातात!

वेंगुर्ला: निम्मे एकच. वि-सरण म्हणजे चहूकडे पसरणं. त्याला मध्ये काही लागत नाही. परा-सरण म्हणजे पलीकडे सरणं, तेव्हा ओलांडायला काहीतरी हवं. ते म्हणजे निवडक्षम पारपटल: पाण्याला वाट देतं, साखर-मीठ अडवतं. पटल नसेल तर परासरण म्हणूच नये.
आता बरणी बघा. कापलेल्या कडेचा रस नुसता गळतो, तो यात धरू नका. आतल्या पेशींतलं पाणी साखरेकडे ओढलं जातं, ते परासरण. पण अमृत कोकम लालभडक होतं ना? जिवंत पेशी तो रंग बाहेर सोडत नाही. रंग उतरला म्हणजे पटल फाटलं. तिथून पुढे विसरण.

अलिबाग: रंग न सुटता पाणी सुटलेलं दाखवायचं तर रिओ या शोभेच्या झाडाचं पान घ्या, कुंडीत असतंच. पान खालच्या जांभळ्या बाजूने तिरकं फाडलं की कडेला पातळ साल निघते. हिरवा गर चिकटला असेल तर ती टाका, काही दिसणार नाही. एक साल साध्या पाण्यात, दुसरी ५ टक्के मिठाच्या पाण्यात (५ ग्रॅम मीठ, पाणी घालून १०० मिली). सूक्ष्मदर्शकाखाली बघा: पाचदहा मिनिटांत दुसरीच्या पेशींतला जांभळा भाग भित्तिकेपासून (पेशीच्या बाहेरच्या भिंतीपासून) सुटून मध्ये गोळा होतो. हा रससंकोच. लगेच साध्या पाण्यात टाकली तर पेशी पुन्हा भरते. फार वेळ ठेवली तर मरते, रंग पसरतो, आणि मुलं त्यालाच परासरण म्हणतात.

मालवण: दोन गोष्टी आपल्याकडच्या. मिठागराचं जाडं मीठ पावसाळ्यात पाझरतं, ५ ग्रॅम म्हणून तोलता त्यात पाणीच बरंच. तव्यावर कोरडं करून तोला. आणि खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं; ‘साधं पाणी’ म्हणून ते घेऊ नका, डिस्टिल्ड आणा.

रत्नागिरी: मग अतिपरासारी द्रावण म्हणजे ‘फार खारट’ असं सांगितलं तर?

वेंगुर्ला: चुकेल. ‘अति’ कोणापेक्षा, ते सांगावंच लागतं: पेशीरसापेक्षा जास्त संहत. तेच द्रावण एका पेशीला अतिपरासारी, दुसरीला समपरासारी (तिच्या रसाइतकंच संहत) असू शकतं. बरणीला मात्र ‘पाणी सुटलं’ हाच शब्द ठेवा. तो फक्त दिसतं ते सांगतो, पटलाबद्दल काही म्हणत नाही.