पूर्व आफ्रिका : एका सामन्याची कारकीर्द

'एकच प्रथम श्रेणी सामना खेळला म्हणजे खेळाडू सुमारच असणार' असं पूर्व आफ्रिकेच्या जुन्या क्रिकेट संघातल्या खेळाडूंबद्दल कुणी म्हणतं, ते मला पटलं नाही. सामनेच नव्हते हो! केनिया, युगांडा, टांझानिया, झांबिया मिळून हा संघ. एकदिवसीय सामने प्रथम श्रेणीत धरत नाहीत, त्याला किमान तीन दिवसांचा सामना लागतो. असा सामना व्हायचा तो एखादा पाहुणा संघ नैरोबी-कंपालाकडे फिरकला तर. १९७५ च्या विश्वचषकानंतर इंग्लंडात टाँटनला श्रीलंकेशी एक झाला, आणि काहींची प्रथम श्रेणी कारकीर्द तिथेच सुरू होऊन तिथेच संपली.

विश्वचषकात तिन्ही सामने हरले, हे खरंच. हेडिंग्लेला आपल्याविरुद्ध सगळे १२० त बाद. जवाहिर शहाच्या ३७ सर्वाधिक. मग गावसकर-इंजिनीयरनी एकही गडी न गमावता तिसाव्या षटकात खेळ आटोपला. गावसकर नाबाद ६५! चारच दिवसांपूर्वी लॉर्ड्सवर ६० षटकं खेळून नाबाद ३६ करणारा हाच माणूस.

मला मात्र डॉन प्रिंगल आठवतो. संघातला इंग्लंडात जन्मलेला गोलंदाज. विश्वचषकानंतर चारच महिन्यांत नैरोबीजवळ मोटार अपघातात गेला. मुलगा डेरेक नैरोबीतच जन्मलेला, पण खेळला इंग्लंडकडून. १९९२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात १० षटकांत २२ धावा देऊन ३ बळी काढणारा प्रिंगल तो हाच.