भाड्याच्या घराची अनामत: रक्कम किती आणि परतीची अट कशी लिहावी?

कोथरूडकर: आमची कोथरूडमधील सदनिका प्रथमच ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर द्यायची आहे. एजंट सहा महिन्यांचे डिपॉझिट मागा म्हणतो, तर घर पाहून गेलेले दांपत्य दोन महिन्यांच्या वर जायला तयार नाही. घर सोडताना रंगकाम आणि सफाईवरून होणारे वाद दोन्ही बाजूंनी ऐकले असल्याने रक्कम किती असावी आणि परतीची अट कशी लिहावी, याविषयी जाणकारांनी सल्ला द्यावा.

करारलेखक: दोन महिन्यांवर थांबावे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी हीच कमाल मर्यादा आहे. मात्र तो केवळ नमुना असून राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात अशी मर्यादा नाही, पण कलम ५५ अवश्य वाचावे. त्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी टाळून हजार-दोन हजार वाचवणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

माझ्या मते रकमेपेक्षा वजावटीची अट महत्त्वाची. ‘आवश्यक ती रक्कम कापून उर्वरित परत केली जाईल’ हे छापील वाक्य काढून टाकावे. त्याऐवजी थकीत भाडे, थकीत वीजबिल आणि पावती दाखवून केलेली तुटफुटीची दुरुस्ती एवढेच कापता येईल, वापराने होणारी झीज भाडेकरूवर पडणार नाही, असे स्पष्ट लिहावे. ताबा देताना वस्तूंची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. स्वयंपाकघरातील ओट्याचा तडा, न्हाणीघरातील ओल, गिझरची स्थिती असे सारे त्यात यावे.

नाशिकचा मालक: दोन महिने मला अपुरे वाटतात. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे थांबवून ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणणारे कमी नाहीत. मग फुटलेल्या बेसिनचा खर्च कशातून काढायचा? मी तीन महिने घेतो आणि डिपॉझिट भाड्यात वळते करता येणार नाही, अशी अट घालतो.

लंडननिवासी: इथे या भांडणाचे मूळच बऱ्याच अंशी काढले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ पासून घरमालकाला अनामत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवावी लागते, सध्या ३० दिवसांच्या आत. न नोंदवल्यास न्यायालय रकमेच्या एक ते तीन पट भरपाई देण्यास सांगू शकते. वजावटीवर वाद झाल्यास, दोघांची तयारी असेल तर, योजनेतील लवाद पुरावे पाहून विनाशुल्क निर्णय देतो. इंग्लंडमध्ये २०१९ पासून बहुतेक घरांसाठी कमाल मर्यादा पाच आठवड्यांच्या भाड्याची आहे. मालकाच्या खात्यात पैसे पडून राहिले की ते त्याला आपलेच वाटू लागतात, म्हणून महाराष्ट्रातही रकमेची मर्यादा ठरवण्याआधी अनामत त्रयस्थ संस्थेकडे ठेवण्याची सोय हवी.

करारलेखक: सहमत. तोवर नाशिककरांची अट घालून दोन महिनेच ठेवावेत. शेवटचे वीजबिल घर सोडल्यावर येते, म्हणून निघण्याच्या दिवशी मीटरचे रीडिंग दोघांनी मिळून घ्यावे, अंदाजे बिलाएवढीच रक्कम राखावी आणि बाकीचे पैसे किल्ल्या हातात येताच बँकेतून वळते करावेत.