काझिमिएश दोन आहेत
पोलंडमध्ये काझिमिएश नावाच्या दोन जागा आहेत: क्राकुव शहरातला एक भाग आणि काझिमिएश दोल्नी; त्यांची गल्लत नको. दोल्नी हे पुवावी शहराजवळ, विस्वा (व्हिस्टुला) नदीच्या उजव्या काठावरचं वेगळं गाव. ‘दोल्नी’ म्हणजे खालचं, प्रवाहाच्या दिशेने. दगडी कोठारांतलं धान्य नदीतून ग्दान्स्क बंदराला जायचं, त्यावर गाव गब्बर झालं. बाजारचौकातली पशिबिवा बंधूंची नक्षीदार घरं १६१५ ची. १६५६ मध्ये स्वीडिश सैन्याने गाव जाळलं, पुढे शेजारी देशांनी पोलंड वाटून घेतला, त्या फाळण्यांनी ग्दान्स्कची वाट तोडली.

तिथल्या खोल घळी नदीने कोरलेल्या नाहीत. हिमयुगात वाऱ्याने आणलेली लोएस नावाची बारीक माती कोरडी असताना उभी भिंत धरते. गाड्यांच्या चाकांनी ती भुसभुशीत झाली की पाऊस वाहून नेतो आणि रस्ता खोल जातो. कोझेन्योव्ही दूऊ या घळीमध्ये झाडांची मुळं लोंबतात ती त्यामुळेच.