जास्त एचपीची मोटर आणि विहिरीचं पाणी

वरच्या प्रतिसादात 'मोटर 5 ऐवजी 10 एचपीची घेतली की पाणी जास्त खोलातून ओढलं जाईल' असं लिहिलंय, ते चूक आहे. पाण्याच्या वर बसवलेला पंप पाणी ओढत नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाणी जास्तीत जास्त किती चढवेल? समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब 1,01,325 पास्कल भागिले (पाण्याची घनता 1000 × गुरुत्व 9.8), म्हणजे 10.3 मीटर. एचपी या गणितात येतच नाही.

जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 200 मीटरवर आहे, त्यामुळे हे 10.1 होतात. पाणी 30 अंशांचं असेल तर त्याच्या वाफेचा दाब आणखी 0.4 मीटर खातो. फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या खालच्या टोकाची झडप), बेंड, पाइपाचं घर्षण आणि इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) तोंडाशी लागणारा दाब वजा केला की हाती 6-7 मीटरच उरतात, तेही पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंत. फुटव्हॉल्व्ह किती खोल सोडलाय ते मोजू नका. उलट त्याच पाइपावर मोठी मोटर लावली तर प्रवाह वाढतो, आणि घर्षण साधारण वेगाच्या वर्गाने वाढतं. मग दाब फार उतरून पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते फुटताना खडे फिरल्यासारखा आवाज येतो, इम्पेलर झिजतो. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे पातळी उतरते तेव्हा पंपच खाली घ्यायचा, नाहीतर सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालणारा पंप, घ्यायचा. पंपापासून पुढे वर ढकलायला मात्र ही मर्यादा नाही, तिथे एचपी कामाला येते.